थोरल्याची पाचर

सासू : ...आणि तुटलेलं कुलूप तेवढं जागेवर ठेवून गेलाय, बघ. पेटी नेली आणि कुलूप मला ठेवलं. चोरसुद्धा इतका शहाणपणा करत नाही.

सून : आई, आधी बसा. डोळ्यांत थेंब घातलेत. तासभर उजेडाकडे बघू नका म्हणालेत डॉक्टर.

सासू : डोळ्यांचं मला सांगू नकोस. थेंब घातलेल्या डोळ्यांनाही एवढी मोकळी जागा दिसते. चौदा महिने पेटी इथे होती, न्हाणीच्या भिंतीला टेकून. फरशीवर तिचा चौकोन उमटलाय.

सून : दिसतोय मला.

सासू : दिसतोय, पण नवल वाटत नाहीये. मी आल्या आल्या ओरडले, आणि तू चपला काढून पाणी प्यायला गेलीस. घरात चोरी झालेली बाई आधी पाणी पीत नाही.

सून : तहान लागली होती.

सासू : आठवडाभर माझ्या मागे लागली होतीस, डोळे दाखवायला चला, डोळे दाखवायला चला. मी मनात म्हटलं, सुनेला सासूच्या डोळ्यांची एवढी काळजी, काहीतरी बिघडलंय हिचं. तिकडे मला खुर्चीत बसवून अक्षरं वाचायला लावलीस, ज्या बाईला धड सही येत नाही तिला. आणि इकडे तो कुलूप फोडत होता.

सून : अक्षरं नव्हती, चित्रं होती. मी आधीच जाऊन सांगून ठेवलं होतं तिथे.

सासू : उपकार झाले.

सून : लपवत नाही मी. आमचं दोघा नवरा-बायकोचं ठरलं होतं. किल्ली तुमच्या गळ्यात, आणि तुम्ही ती आंघोळीलाही काढत नाही. त्यांनी पाच वेळा येऊन मागितली. पाचव्या वेळी तुम्ही दारातूनच म्हणालात, यंत्राच्या चाकराला माझ्या घरात काम नाही.

सासू : खोटं म्हणाले का मी? कारखान्यात उभा राहतो, कळ दाबतो. एका बाजूनं फळी जाते, दुसऱ्या बाजूनं नक्षी होऊन बाहेर येते. त्यात सुतार कुठे आहे? दळण दळल्यासारखं नुसतं.

सून : त्या दळणावरच आमचं घर चालतं.

सासू : चालू दे की. मी कधी अडवलं? पण त्या हातांनी माझ्या माणसाच्या रंध्यांना शिवायचं नाही, एवढंच म्हणत होते. तीन पिढ्यांचे रंधे आहेत ते. एकेकाच्या तळाला एकेक नक्षी कोरलेली. हा गोलाई काढतो, हा खाच काढतो, हा नुसती कड मोडतो. प्रत्येकाच्या नाकावर तीन शिक्के, आजेसासऱ्यांचा, सासऱ्यांचा, ह्यांचा. चौथा शिक्का पडायचा होता. ज्याचा पडायचा तो तोंड फिरवून निघून गेला.

सून : सहा वर्षं झाली त्याला.

सासू : मला सोळा वाटतात. आणि ज्या दिवशी हे गेले, त्याच्या चौथ्या दिवशी दारात कोण? तो हॉटेलवाला. सोबत आमचे चिरंजीव. हॉटेलवाला म्हणे, काकू, हे रंधे भिंतीवर खूप शोभून दिसतील, खाली लहानसे दिवे लावू. दिवे लावणार होता.

सून : ते त्याला घेऊन आले नव्हते, आई. तो दारात भेटला त्यांना. पन्नास वेळा सांगितलं.

सासू : दोघं एकत्र उभे होते.

सून : दार एकच आहे तुमचं.

सासू : बोलते बरी तू. ह्यांना आवडायचं तुझं बोलणं. मला म्हणायचे, तुझ्यासमोर उभी राहील अशी एक आली बघ घरात. ... कुठे नेली पेटी? खरं सांग. विकली?

सून : कुठेही नेली नाही. मागच्या पडवीत आहे. ते सकाळपासून तिथेच आहेत.

सासू : इथे? माझ्या घरात बसून माझीच चोरी?

सून : काम करायला नेली आई. अप्पांचं काम. वाचनालयाची बारावी चौकट. तुम्हाला माहीत आहे सगळं. बारा दारं. जुन्या चौकटी वाळवीनं खाल्ल्या म्हणून अप्पांनी नव्या करायला घेतल्या, जुन्या नक्षीबरहुकूम. अकरा लावून झाल्या. बाराव्या चौकटीच्या दोन उभ्या बाजू झाल्या आणि वरची आडवी फळी राहिली. एक फळी.

सासू : मला काय सांगतेस? दोराच्या दुसऱ्या टोकाला मी होते.

सून : म्हणूनच सांगतेय. चौदा महिने ते दार बांबू लावून बंद आहे. वाचनालयात नवीन आलेले साहेब म्हणाले, आता पुरे. सोमवारी कारखान्याचा माल येतोय. बारा दारं एकसारखी हवीत त्यांना. एक वेगळं चालणार नाही. म्हणजे बाराही यंत्राची.

सासू : आणि ह्यांच्या अकरा?

सून : काढणार. तुमच्या चिरंजीवांनी हातापाया पडून सोमवारपर्यंतची मुदत घेतलीय. ती एक फळी जुन्यासारखी होऊन बसली, तर अकरा राहतील. नाहीतर नाही.

सासू : मग त्या यंत्रातून काढ म्हणावं एक फळी. कळ दाबायची तर आहे.

सून : विचारलं त्यांनी. मुकादम हसला. एका फळीसाठी यंत्राचं पातं कोण घडवून देतो? त्याच्याकडे चार नक्ष्या आहेत, त्यातली निवडा म्हणाला. अप्पांची कड त्या चारांत नाही. ती फक्त थोरल्यात आहे.

सासू : थोरला.

सून : मला अजून गंमत वाटते त्याची. लग्न ठरलं तेव्हा सगळे ह्यांना धाकटा म्हणायचे, म्हणून मी विचारलं, मोठे दीर कुठे असतात? सगळे हसायला लागले. आणि अप्पांनी पेटीतून हातभर लांबीचा रंधा काढून माझ्यासमोर ठेवला. म्हणाले, पाया पड.

सासू : पडलीस की नाही?

सून : पडले. नवीन होते.

सासू : मीसुद्धा पडले होते, माझ्या सासूनं पाडलं. एकट्या माणसाला ढकलत नाही तो थोरला. इतकी रुंद नक्षी आणि इतकं जाड साल. मागून मिस्त्री ढकलणार, पुढून दोर बांधून दुसऱ्यानं ओढायचा. मी या घरात आले ती दोर ओढायलाच. मग धाकटा बारा वर्षांचा झाला आणि दोर त्याच्या हातात गेला. मला वाटलं, सुटले. मग एके दिवशी त्यानं दोर खाली टाकला आणि म्हणाला, अप्पा, जे काम यंत्र पाच मिनिटांत करतं त्यासाठी मी बैल होणार नाही.

सून : त्या वाक्याची त्यांना अजून लाज वाटते.

सासू : लाज वाटून दोर ओढला जात नाही. दुसऱ्या दिवशी मी पदर खोचला आणि ओढायला लागले. साठीच्या बाईनं. ह्यांनी एक शब्द विचारला नाही, नुसता दोर थोडा लांब बांधला, मला सोपं जावं म्हणून.

सून : आई, ते येतायत.

सासू : येऊ दे. पाय कसे टाकतोय बघ. लहानपणी काच फोडून आला की असाच यायचा.

धाकटा : आई.

सासू : मी चोरांशी बोलत नाही.

धाकटा : बरं. ऐक तरी.

सासू : हातात काय आहे? फडकं का गुंडाळलंस?

धाकटा : थोरला आहे.

सासू : उघड्यावर घेऊन फिरतोस? ठेव तिथे, ठोकळ्यावर. उन्हात नको. इकडे, इकडे. ... काय झालं?

धाकटा : आई, बाकीचे पंचवीस चांगले आहेत. ते झोपलेले होते. सात जागे होते.

सून : जागे म्हणजे?

धाकटा : रंध्यात पातं असतं, ते पाचर ठोकून घट्ट बसवायचं. काम झालं की मागच्या टोकावर एक टोला द्यायचा, पाचर सैल होते. मग तो रंधा झोपला. रोज संध्याकाळी सगळे झोपवायचे. घट्ट ठेवला तर पाचर आतून रंध्याचे गाल, म्हणजे दोन्ही बाजू, दाबत राहते. दमटपणानं लाकूड फुगतं, मग वाळतं, आणि पाचरीला कुठे जायला जागा नसते.

सून : आणि हे सात?

धाकटा : आईनं झोपवले नाहीत. मी लहान असल्यापासून ते काम तिचं. अप्पा हात धुवायला जायचे आणि ही एकेक रंधा उचलून टक, टक, टक. मी अंथरुणात पडून मोजायचो. बत्तीस झाले की झोप लागायची. एक दिवस चुकला नाही, हिला ताप असतानासुद्धा. म्हणून मी निर्धास्त होतो, आई. तू किल्ली देत नव्हतीस तेव्हा रात्रंदिवस चिडायचो, पण एक मनात पक्कं होतं, रंधे नीट असतील. आईकडे आहेत.

सासू : पुढे बोल.

धाकटा : सहांचे गाल चिरलेत. पाती गंजलीत, नक्षीची धार खाल्लीय गंजानं. पेटी न्हाणीच्या भिंतीला होती, दोन पावसाळे. आणि थोरला... थोरल्याला इथून इथपर्यंत बारीक रेघ आहे. नखानं लागते. मी पाचरीला हात लावलेला नाही. तसाच आणलाय.

सासू : रेघ म्हणजे काही तडा नव्हे. लाकडाला रेघा असतात.

धाकटा : ही रेघ लाकडाची नाही, आई.

सासू : तू कधीपासून लाकूड ओळखायला लागलास?

सून : अहो, दुसऱ्या कुठल्या रंध्यानं नाही का होणार? लहान लहान चालवून?

धाकटा : सकाळपासून तेच करतोय. पंचवीसांतले चार घेतले, तुकड्या-तुकड्यानं कड काढली. दोन हात लांबीची काढली. लांबून ठीक दिसते. मग अप्पांची उभी बाजू शेजारी धरली. त्यांची कड एका दमात गेलीय, पाणी ओतल्यासारखी. माझी प्रत्येक वितीला अडखळते. हात फिरवला तर आंधळ्यालाही कळेल. साहेबांना तर कळेलच.

सासू : मग नवा थोरला कर. मिस्त्रीचा मुलगा ना तू?

धाकटा : त्याला दहा वर्षं सावलीत वाळलेला ठोकळा लागतो. आणि तळाला नक्षी उतरवायला अप्पा लागतात. ते मी शिकलो नाही. शिकायच्या वयात मी दोर टाकला.

सासू : ते तरी कबूल केलंस.

धाकटा : ते कबूल करायलाच तर येत होतो, पाचही वेळा. तू दारातून पुढे येऊ दिलं नाहीस.

सून : आई, एक विचारू? रागावू नका. तुम्हाला हे सगळं माहीत होतं. रोज तुम्हीच झोपवायचात. मग या सातांना का नाही?

सासू : पाणी दे मला.

सून : घ्या.

सासू : त्या दिवशी आम्ही आडवी फळी बांधली होती. वरचं सगळं लाकूड निघालं होतं, नक्षी दिसायला लागली होती. ह्यांनी थोरल्याची पाचर काढली, पातं केसभर खाली घेतलं आणि पुन्हा ठोकली. तीन टोले. दोन मोठे, एक हलका. हलका नेहमी शेवटी. म्हणाले, ओढ. मी ओढला. निम्म्या फळीपर्यंत साल सलग आलं, पुठ्ठ्याएवढं जाड, माझ्या पायाशी गोळा होत होतं. मग दोर एकदम सैल पडला. मला वाटलं, थांबलेत. घाम पुसत असतील. मी मागे बघितलं नाही, कारण मी दमले होते आणि मला तेवढी उसंत हवी होती. थोड्या वेळानं म्हटलं, अहो, अंधार पडायच्या आत उरकूया. असं म्हणाले मी. मग मागे बघितलं.

धाकटा : हे कधी सांगितलं नाहीस.

सासू : कुणाला सांगू? यंत्राला? ... लोक आले, गेले. तू आलास, गेलास. संध्याकाळी मी हातोडी घेऊन इथे उभी राहिले. बाकीचे पंचवीस पेटीतच होते, झोपलेले. हे सात बाकावर. एक टोला दिला की झालं. पण त्या पाचरी त्यांनी ठोकल्या होत्या. त्यांच्या हाताचा जोर अजून आत होता. मी टोला दिला असता तर तो सुटला असता. म्हटलं, आजच्या दिवस राहू दे. उद्या झोपवू.

सून : आणि उद्या?

सासू : उद्याही तेच म्हटलं. मग तो दिव्यांचा हॉटेलवाला आला आणि मी सगळे पेटीत भरून कुलूप घातलं. महिनाभरानं कळायला लागलं मला, आत काय चाललं असेल ते. मला काय लाकूड कळत नाही? हवा दमट झाली की मी रात्री उठून पेटीवर हात ठेवून बसायचे. मग उघडायची भीती वाटायला लागली. जितके दिवस गेले तितकी जास्त. तू किल्ली मागायला यायचास ना, तेव्हा मला वाटायचं, हा उघडेल आणि बघेल.

धाकटा : आई...

सासू : हात काढ खांद्यावरून. मला रडवू नकोस, डोळ्यांत थेंब आहेत. हातोडी कुठे आहे?

धाकटा : नको. असाच राहू दे त्याला. रेघ आहे, पण निदान एक आहे अजून. पाचरच धरून आहे त्याला.

सासू : चिरणारी तीच, आणि धरणारीही तीच? असं कुठे असतं?

धाकटा : असंच झालंय. टोला दिलास तर दोन होतील.

सासू : आणि नाही दिला तर सोमवारी फळी होईल का?

धाकटा : नाही.

सासू : फळीवर फिरेल का तो असा?

धाकटा : नाही. ओढला की फाकेल.

सासू : मग कशासाठी राखून ठेवू? भिंतीवर लावायला, खाली दिवे सोडून? दे हातोडी. चौदा महिने जागा आहे तो. मला झोपवू दे.

सून : अहो, द्या त्यांना.

(लाकडावर हातोडीचा एक टोला. मग काहीतरी फरशीवर पडल्याचा आवाज, आणि पाठोपाठ आणखी एक.)

सून : पायावर नाही ना पडलं? आई?

सासू : नाही.

धाकटा : मी उचलतो.

सासू : थांब. मी उचलते. ... हा शिक्क्यांचा अर्धा. आजेसासऱ्यांचा इकडे, ह्यांचा तिकडे. सासऱ्यांच्या मधूनच गेली चीर. पाचर बघ किती स्वच्छ आहे. तिला काही झालेलं नाही.

सून : चिकटवून नाही का चालणार?

धाकटा : शोभेला चालेल.

सासू : सोमवारी किती वाजता येणार आहेत ते?

धाकटा : सकाळी. आठला.

सासू : कोण काढणार आमच्या चौकटी?

धाकटा : कारखान्याची माणसं. माझीच तुकडी आहे. मी रजा टाकलीय.

सासू : रजा टाकू नकोस. तू जा. दुसरा कुणी पहार घालून उपटेल. तू खिळे ओढून काढ, सावकाश. त्यांच्या खिळ्यांची डोकी नक्षीच्या खाचेत लपलेली असतात, शोधावी लागतात. तुला माहीत आहेत जागा.

धाकटा : माहीत आहेत.

सासू : काढलेल्या चौकटींचं काय करतात?

धाकटा : ते नको विचारूस.

सासू : विचारतेय मी.

धाकटा : जाळतात, आई. कारखान्याच्या भट्टीत जातं सगळं.

सून : आपण आणू की इथे. पडवीत ठेवू.

सासू : अकरा चौकटी ठेवायला कुठलं घर आहे आपलं? आणि दार नसलेली चौकट घेऊन बसायचं काय? एक पेटी सांभाळता आली नाही मला. ... ती दोन हात लांबीची फळी कुठे आहे? सकाळी काढलेली, तुझी?

धाकटा : पडवीत. दाखवण्यासारखी नाही.

सासू : आण.

धाकटा : ही घे.

सासू : डोळ्यांना नीट दिसत नाही, बोटानं बघते. ... इथे अडखळलास. इथे पुन्हा. इथे घाई केलीस. इथे... इथे वीतभर बरी गेलीय.

धाकटा : तेवढीच.

सासू : तेवढीच. दोराला माणूस असता तर पुढेही गेली असती. असो. ही किल्ली घे, आता तिला कुलूप नाही. गळ्याला बोचते नुसती.

धाकटा : आई, मी कुलूप तोडायला नको होतं. तुला सांगून करायला हवं होतं. चुकलं माझं.

सासू : नीट ऐक, पुन्हा सांगणार नाही. तू कुलूप तोडलंस, त्यात तुझं काही चुकलं नाही. मी नको म्हणत राहिले आणि तू चौदा महिने माझं ऐकत राहिलास, तिथे चुकलास तू.